गव्हाण रिकामी आणि शतावरीची बाटली भरलेली

अलीकडे आमच्या नाकाडोंगरीसारख्या लहान गावातही पशुखाद्याच्या दुकानात एक नवीन फळी सजलेली दिसते. खाली ढेपेची आणि कोंड्याची पोती, वर रंगीत बाटल्या आणि डबे. त्यांवर भरल्या कासेच्या गाईचे चित्र असते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘शतावरीयुक्त’, ‘वनौषधींचा अर्क’, ‘दूध वाढवी, दुष्परिणाम नाहीत’. दुधाला भाव नाही, ढेप महाग झाली आणि गाय आटत चालली, अशा अडचणीत सापडलेला गोपालक ही बाटली घेतल्याशिवाय कसा राहील?

माणसांच्या डॉक्टरने गुरांच्या गव्हाणीत डोकावण्याचे कारण काय, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. गव्हाणीत जे पडते त्यातले काही ना काही सायंकाळी चरवीत आणि सकाळी मुलाच्या पेल्यात येते. शिवाय, जनावरासाठी आणलेली शतावरीची पूड घरातल्या बाळंतिणीलाही चमचाभर दिली, असे सांगणारी मंडळी दवाखान्यात भेटतात. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेणे मला आवश्यक वाटते.

शतावरी म्हणजे काय?

शतावरी ही आपल्या मातीतली वनस्पती आहे. काटेरी, सुईसारख्या बारीक पानांचे, आधार मिळाला की वेलीसारखे चढणारे हे झुडूप पानझडीच्या जंगलात वाढते. औषधात वापरतात ती त्याची मुळे. जमिनीखाली पांढरट, बोटाएवढ्या जाड मुळांचा घोस असतो आणि त्यावरूनच ‘शत’ हा शब्द नावात आला असे सांगतात. आयुर्वेदात शतावरीला बल देणारी आणि स्तन्य म्हणजे अंगावरचे दूध वाढविणारी मानले आहे. गुरे राखणाऱ्या जुन्या मंडळींनाही व्यालेल्या गाईला ही मुळे कुटून देण्याची रीत ठाऊक होती.

या मुळांत सॅपोनिन नावाच्या वर्गातील द्रव्ये असतात. रिठा आणि शिकेकाई पाण्यात घुसळली की फेस येतो, तो सॅपोनिनमुळेच. शतावरीतील सॅपोनिनांना शास्त्रज्ञांनी ‘शतावरिन’ असेच नाव दिले आहे. सॅपोनिनांचा पशुखाद्यातील वापर ही केवळ आपल्या देशातली गोष्ट नाही. अमेरिका व मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या युक्का या वनस्पतीचा अर्क कोंबड्या आणि डुकरे यांच्या खाद्यात मिसळतात. त्यामुळे शेणामुतातील अमोनियाचा उग्र वास कमी होतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात जे सूक्ष्म जीव चारा कुजवून पचवितात, त्यांतील काहींची संख्या सॅपोनिनांमुळे घटते आणि पचनाचा तोल बदलतो. थोडक्यात, ही वनस्पती ‘काहीच करत नाही’ असे नाही. ती काहीतरी करते, म्हणूनच तिच्याकडे औषधाच्या नजरेने पाहिले पाहिजे.

झाडपाला म्हणजे निर्धोक, हा गैरसमज

‘डॉक्टरसाहेब, झाडपाल्याचेच आहे, त्याने काय होते?’ हा प्रश्न मी तीस वर्षे ऐकतो आहे. याचे उत्तर आपल्याच रानात आहे. गेळफळाचा ठेचा किंवा हिंगणाची फळे पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे आपल्या तलावांच्या जिल्ह्यात जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. त्या फळांतही सॅपोनिनच असते. माशाला ते मारक ठरते आणि त्याच गेळफळाला वैद्य मदनफळ म्हणून औषधात वापरतात. फरक मात्रेचा, मार्गाचा आणि कोणाला दिले याचा.

दुसरे उदाहरण लाखोळीचे. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत लाखोळी पिढ्यान्‌पिढ्या पिकते. वरणात, भाजीत, गुरांच्या चाऱ्यात तिचा उपयोग होतो. परंतु दुष्काळात दुसरे काही न मिळाल्याने ज्यांनी दोन-तीन महिने जवळजवळ लाखोळीच खाल्ली, त्यांच्यातील काहींचे पाय कायमचे लुळे पडले. म्हणून १९६१ साली केंद्र शासनाने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती आणि पुढे त्या बंदीवर आपल्या विदर्भातच मोठा वाद झाला. वनस्पती तीच आणि माणसेही तीच, बदलले ते फक्त प्रमाण.

आणि आता अर्काचे पाहू. मोहाची फुले माणसे खातात, गुरे खातात, ते अन्नच आहे. त्याच फुलांचा अर्क काढला की त्याला आपण काय म्हणतो आणि त्याने घरेदारे कशी बसतात, हे सांगण्याची गरज नाही. मुळी कुटून देणे आणि कारखान्यात तिचा दाट अर्क काढून देणे यांत असाच फरक आहे. आजी मूठभर मुळी देत असे, म्हणून बाटलीतील अर्क कितीही द्यावा, असा हिशेब बसत नाही. अति सॅपोनिन पोटात गेले तर जनावराची भूक मंदावते आणि ते पातळ शेण टाकते. ज्या गाईचे दूध वाढवायचे, तीच चारा सोडते.

जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की रानात दिसणारे प्रत्येक झुडूप आपले नसते. तळ्याकाठची बेशरम आणि रानभर पसरलेली घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनियाही म्हणतात, ही दोन्ही झुडपे मूळची अमेरिका खंडातली. घाणेरी खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते, त्यांना कावीळ होते आणि उन्हाने कातडी सोलवटते. बेशरम खाणाऱ्या शेळ्यांना मज्जासंस्थेचा विकार जडतो. तेव्हा ‘आमच्याकडचा झाडपाला’ म्हणून कोणी बिनओळखीची पूड विकत असेल, तर आधी ओळख पटवून घ्यावी.

प्रयोग काय सांगतात?

शतावरीची पूड दुभत्या गाई-म्हशींना देऊन आपल्या देशात अनेक प्रयोग झाले आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीही या विषयावर काम झाले आहे. अनेक प्रयोगांत दुधात काहीशी वाढ दिसली. ही गोष्ट मी नाकारत नाही आणि कोणी नाकारू नये.

परंतु वाचकांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. संशोधन संस्थेच्या गोठ्यातील गाईला हिरवा चारा, सुका चारा, खुराक, खनिजे आणि स्वच्छ पाणी हे सर्व मोजून मिळत असते. दोन्ही गटांतील गाई पोटभर खातात. त्यांतील एका गटाला वरून शतावरी देतात आणि फरक पाहतात. आपल्या गोठ्यातील गाय मात्र पावसाळा सरला की तणसावर उभी असते. तिकडे शतावरी ही भरल्या ताटावरची चटणी आहे. इकडे ताट रिकामे आणि आपण चटणीवर चटणी वाढतो आहोत.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तणसाचा विचार आपण कधी केला आहे काय? भाताच्या तणसात प्रथिने शेकडा तीन ते चारच असतात. त्यात सिलिका भरपूर, म्हणून ते पचायला जड. त्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. दूध म्हणजे कॅल्शियम आणि प्रथिने. ज्या गाईला ही दोन्ही पुरेशी मिळतच नाहीत, ती दूध देते तेव्हा स्वतःच्या हाडांतून आणि मांसातून देते. मग ती व्याल्यावर बसते, माजावर येत नाही, गाभण राहत नाही. अशा गाईला अर्काची बाटली पाजणे म्हणजे उपाशी बैलाला चाबूक मारण्यासारखे आहे.

पशुवैद्यक मंडळी जो साधा हिशेब सांगतात तो असा. संकरित दुभत्या गाईला दिवसाला १५ ते २० किलो हिरवा चारा, चार ते सहा किलो सुका चारा, शरीराच्या पोषणासाठी एक ते दीड किलो खुराक आणि शिवाय दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो खुराक लागतो. त्यासोबत रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण, थोडे मीठ आणि दिवसभर समोर स्वच्छ पाणी. एक लिटर दुधात पाऊण लिटरहून अधिक पाणीच असते. तेव्हा दोन वेळा बादली दाखवून दूध वाढत नाही.

तणस सुधारण्याचीही रीत आहे. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा, ढीग दाबून प्लॅस्टिकने हवाबंद झाकायचा आणि तीन आठवड्यांनी काढून थोडा वेळ हवेवर ठेवून घालायचा. त्याने तणस मऊ होते आणि त्याचे पोषणमूल्य वाढते. मात्र हे पशुवैद्यकाकडून समजून घेऊनच करावे. युरियाचे खडे किंवा युरियाचे पाणी थेट जनावराच्या पोटात गेले तर ते तासा-दोन तासांत दगावू शकते. लहान वासरांना असे तणस देऊ नये.

भीती बाळगायची तर कशाची?

दुधातून आपल्या घरात येणारा खरा धोका शतावरीचा नाही. तो बुरशीचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने तपासले. त्यांत आरोग्यास अपायकारक भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सापडली. परंतु ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा ५.७ नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते. आपण मात्र चर्चा करतो ती भेसळीची!

हे अफ्लाटॉक्सिन येते कोठून? ओल लागलेली शेंगदाण्याची वा सरकीची ढेप, दमट खोलीत ठेवलेला मका, कोंडा आणि चुनी यांवर एक बुरशी वाढते. तिचे विष गाईच्या पोटात जाते आणि चोवीस तासांच्या आत दुधात उतरू लागते. ते यकृताला घातक आहे आणि दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास कर्करोगाला कारण होऊ शकते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दूध उकळल्याने ते जात नाही. उकळण्याने जंतू मरतात, म्हणून दूध उकळूनच प्यावे, पण बुरशीचे विष उकळीला दाद देत नाही. समाधानाची बाब एवढीच, की बुरशीचे खाद्य बंद केले की काही दिवसांत दूध पुन्हा शुद्ध होते. इलाज गोठ्यातच आहे, चुलीवर नाही. आमच्याकडे आषाढ-श्रावणात घराच्या भिंतींना ओल चढते. त्या भिंतीला टेकून ठेवलेले ढेपेचे पोते किती घरांत उन्हाला लागते?

दुसरा धोका प्रतिजैविकांचा. जगभर जनावरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा पडली होती. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. हे ओळखून युरोपीय संघाने २००६ च्या जानेवारीपासून वाढीसाठी प्रतिजैविके घालण्यास बंदी केली. आपल्या देशातही जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर बंदी आली. कोलिस्टिन म्हणजे इतर सर्व औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात वापरावयाचे राखीव शस्त्र. ते कोंबडीच्या खाद्यात संपविणे हा शहाणपणा नव्हता. प्रतिजैविकांची जागा घेण्यासाठीच जगभर वनस्पतींच्या अर्कांकडे लक्ष वळले आहे आणि या कामी त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहावर २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना वाटून कासेला वरून लावण्याचा उपाय सांगते. वेळेवर केलेल्या अशा उपायाने प्रतिजैविकांचे एखादे इंजेक्शन जरी वाचले, तरी तो गाईचा आणि दूध पिणाऱ्याचाही फायदा आहे.

तिसरी गोष्ट पान्हा सोडण्याच्या इंजेक्शनाची. ऑक्सिटोसिनचे हे इंजेक्शन दूध तयार करीत नाही. कासेत असलेले दूध ते केवळ बाहेर लोटते. ते दूध प्यायल्याने माणसाला अमुक होते, तमुक होते अशा अनेक अफवा आहेत. ऑक्सिटोसिन पोटात गेल्यावर पचून जाते, हे त्यातील सत्य. परंतु रोज सुई टोचून घेणाऱ्या मुक्या जनावराचे हाल खरे आहेत. दूध काढण्यासाठी असे अपायकारक इंजेक्शन देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. एखादा गोपालक ही सुई सोडून शतावरीकडे वळत असेल, तर त्याने निश्चितच बरे पाऊल उचलले.

गुरांची पूड बाळंतिणीला नको

आता घरातल्या प्रश्नाकडे येऊ. गाईचे दूध वाढते तर सुनेचेही वाढेल, या भाबड्या समजुतीने गोठ्यातला डबा स्वयंपाकघरात येतो. हे कटाक्षाने टाळावे. त्या डब्यावरील मात्रा चारशे किलोच्या जनावरासाठी असते. त्यात शतावरीबरोबर इतर वनस्पती आणि क्षारही असतात. ही उत्पादने बहुधा औषध म्हणून नव्हे तर खाद्यपूरक म्हणून विकली जातात. माणसाच्या औषधाला लागणारी शुद्धतेची कसोटी त्यांना लावलेली नसते.

मग माणसांसाठी बनविलेली शतावरी तरी उपयोगी पडते काय? ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात १९९६ साली ६४ मातांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. शतावरी असलेले औषध घेणाऱ्या आणि तसेच दिसणारे पण औषध नसलेले मिश्रण घेणाऱ्या मातांत काही फरक आढळला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६० मातांवरील दुसऱ्या प्रयोगात मात्र शतावरी घेणाऱ्या मातांच्या रक्तातील प्रोलॅक्टिन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढले, तर दुसऱ्या गटात ही वाढ दहा टक्क्यांच्या आत राहिली. म्हणजे एक साक्षीदार हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. अशा वेळी ज्याबद्दल वादच नाही ते आधी करावे. बाळ जितके वारंवार ओढते तितके दूध तयार होते. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी लावावे, रात्रीही पाजावे, पहिले सहा महिने वरचे पाणीसुद्धा देऊ नये. बाळंतिणीला पोटभर वरण-भात, भाजी, भाकरी, दूध, अंडी जे घरात चालत असेल ते द्यावे आणि तिला झोप मिळू द्यावी. इथेही न्याय तोच. आधी ताट, मग पूड. शतावरी घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने, माणसांसाठी बनविलेलीच घ्यावी. गर्भारपणी तर सल्ल्याशिवाय काहीही घेऊ नये.

जंगलाचाही हिशेब

एक शेवटची बाब. शतावरीचे मूळ काढायचे म्हणजे झुडूप खणायचे. मागणी वाढली की पाऊस पडण्याआधीच, बी धरण्याआधीच, मुळे उपसली जातात. नाकाडोंगरीपासून लेंडेझरीपर्यंतच्या जंगलातील शतावरी अशीच संपली, तर मिळकत एका हंगामाची आणि नुकसान कायमचे. शतावरी शेतात लावता येते. धुऱ्याला, कुंपणाला ती चांगली येते. आपल्या नागपुरातच महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तणसावर पोसलेल्या आपल्या भागातील गाई-म्हशींना खुराक सुधारून किती फायदा होतो आणि त्यावर शतावरी दिल्यास आणखी किती होतो, हे आपल्याच गोठ्यांत मोजून दाखविले, तर गोपालकाला बाटलीवरच्या चित्रावर विसंबावे लागणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे :

१. बाटलीचे पैसे बाजूला काढण्याआधी खनिज मिश्रण आणि हिरव्या चाऱ्याची सोय करा. बांधावर संकरित नेपियर, धानानंतर ओलिताची सोय असेल तर बरसीम किंवा लसूणघास लावा.

२. ढेप, कोंडा, चुनी जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर ते खाद्य दुभत्या जनावराला घालू नका.

३. ज्या बाटलीवर घटक, त्यांचे प्रमाण, तयार करणाऱ्याचा पत्ता आणि मुदत लिहिलेली नाही, ती दुकानातच राहू द्या.

४. शतावरी द्यायचीच असेल तर पशुवैद्यकाला विचारून, ठरल्या मात्रेत द्या. आठवडाभर आधीचे आणि नंतरचे दूध मापून वहीत लिहा. फरक दिसला नाही तर बंद करा.

५. जनावराला प्रतिजैविक टोचले असेल तर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस ते दूध विकू नका आणि घरातही पिऊ नका.

६. जनावरांची औषधे माणसांच्या औषधांपासून वेगळी आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा.

शतावरी गुणाची आहे, यात शंका नाही. पण तिच्याकडून आपण गव्हाणीचे काम करून घेऊ पाहतो, तिथे चूक होते. जी गाय आपल्या मुलांना पाजते, तिच्यापुढे काय ठेवायचे हे ठरविताना एकच प्रश्न मनाला विचारावा : हे मी माझ्या मुलाच्या ताटात वाढीन का?